दात घासण्याची चित्रपट्टी आणि केस कापण्याची गोष्ट: स्वमग्न मुलांना शिकवतानाचा माझा अनुभव

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला दात घासायला शिकवायचं ठरलं की घरात आधी प्रिंटर सुरू होतो: कामाच्या पायऱ्या क्रमाने दाखवणारी चित्रपट्टी छापायला. माझ्या मते चित्रं छापण्याआधी एक तपासणी व्हायला हवी: चित्र हे एखाद्या वस्तूचं असतं, हे या मुलाला कितपत उमगलंय? विशेष शिक्षिका म्हणून काम करताना बेसिनवर नुसत्या लटकणाऱ्या, कुणीच न पाहणाऱ्या पट्ट्या मला अनेकदा दिसतात. तिथे बहुतेक वेळा हीच तपासणी राहून गेलेली असते.

ती सोपी आहे. टेबलावर ब्रश, चमचा आणि मोजा अशा तीन खऱ्या वस्तू ठेवायच्या, मुलाच्या हातात एकीचा फोटो द्यायचा आणि तो जुळत्या वस्तूजवळ ठेवायला सांगायचं. वस्तूंच्या जागा बदलत हे दहा वेळा करते. आठ-नऊ वेळा बरोबर जुळलं तर फोटोंपासून सुरुवात करते. नाही जुळलं तर फोटो बाजूला, खरी वस्तू पुढे. ब्रश हातात दिला म्हणजे आता दात घासायचे, टॉवेल दिला म्हणजे अंघोळ. वस्तू, मग फोटो, मग रेघांचं चित्र, मग लिहिलेला शब्द असा साधारण चढता क्रम आहे, पण तो वयाप्रमाणे चालत नाही. चार वर्षांची काही मुलं अक्षरं पटापट वाचतात आणि चित्राकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना शब्दांचीच यादी द्यावी. उलट, मोठ्या मुलालाही खऱ्या वस्तूची गरज असू शकते. त्यात कमीपणा काहीच नाही.

एवढा खटाटोप चित्रांसाठीच का? बोललेलं वाक्य कानावर पडून निघून जातं, चित्र समोर राहतं. ज्या मुलाला ऐकलेलं समजून घ्यायला वेळ लागतो, तो परत परत चित्राकडे पाहू शकतो, आपल्या वेगाने. मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून उभा राहिलेला, १९७२ पासून अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यभर चालवला गेलेला ‘टीच’ हा स्वमग्न मुलांसाठीचा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे: कुठे, काय, किती, कधी संपणार आणि नंतर काय, या प्रश्नांची उत्तरं मुलाला डोळ्यांनी दिसली पाहिजेत. मी कुठलीही पट्टी हे पाच प्रश्न विचारून तपासते. सर्वांत जास्त वेळा हुकतं ते ‘कधी संपणार’.

दात घासण्याचंच घ्या. बाजारात मिळणाऱ्या तयार पट्टीत साधारण असं असतं: ब्रश, पेस्ट, तोंडात ब्रश घेतलेला हसरा मुलगा, चूळ. तिसऱ्या चित्रात खरं काम दडलेलं आहे आणि ते कधी संपतं हे त्यात कुठेच नाही. म्हणून ते चित्र मी फोडते: खाली डावीकडे, खाली उजवीकडे, वर डावीकडे, वर उजवीकडे, समोर. प्रत्येक चित्राला दहापर्यंत मोजायचं. नंतर हळूहळू हा आकडा वाढवत दंतवैद्य सांगतात त्या दोन मिनिटांपर्यंत जाता येतं.

पायऱ्या ठरवण्यासाठी मी आधी स्वतः बेसिनपाशी उभी राहून ते काम सावकाश करते आणि हात जे जे करतो ते लिहून काढते. मग दुसऱ्या मोठ्या माणसाला ती यादी देऊन सांगते, फक्त लिहिलंय तेवढंच कर. पेस्टचं झाकण उघडणं, नळ बंद करणं, ब्रश परत ठेवणं या पायऱ्या हमखास सुटलेल्या असतात. मुलाच्या घरचा नळ फिरवायचा की दाबायचा, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं.

फोटो काढताना मागे साधी पांढरी चादर किंवा रिकामी भिंत. फोटोत कोपऱ्यात पिवळी बादली आली तर काही मुलांसाठी तो फोटो बादलीचाच होतो. कॅमेरा मुलाच्या खांद्यामागून धरावा, म्हणजे त्याला स्वतःचे हात जसे दिसतात तसेच फोटोत येतात. समोरून काढलेल्या फोटोत डावं-उजवं उलटतं. आणि रंगीत ब्रशचा फोटो वापरला असेल तर ब्रश बदलायच्या आदल्या दिवशी फोटोही बदलायला हवा, नाहीतर नवा ब्रश ‘चुकीचा’ ठरतो.

चित्राची बाजू पाच ते सात सेंटिमीटर पुरते. लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट हवं. बाथरूमच्या दिव्याखाली चकचकीत कागदावर नुसता उजेड दिसतो. चित्र आधी कापून, मग लॅमिनेट करून, कडेने तीन-चार मिलिमीटर प्लास्टिक राखून पुन्हा कापायचं. कडेपर्यंत कापलं की पाणी आत शिरतं आणि कागद फुगतो. कोपरे गोल करावेत. वेल्क्रोची मऊ बाजू चित्रामागे आणि खरखरीत बाजू पट्टीवर लावते, कारण चित्र मुलाच्या हातात जाणार असतं आणि खरखरीत स्पर्श अनेकांना नको असतो. हा नियम सगळ्या पट्ट्यांना एकच ठेवावा, म्हणजे कुठलंही चित्र कुठेही चिकटतं. पट्टी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत अशी. खाली एक पाकीट, त्यावर ‘झालं’. पायरी झाली की चित्र काढून पाकिटात टाकायचं. पट्टी रिकामी होताना दिसते, तेव्हा शेवट किती जवळ आला ते मुलाला कुणाला विचारावं लागत नाही.

आता शिकवणं. मी शेवटाकडून सुरुवात करते. आधीच्या सगळ्या पायऱ्यांना मदत, फक्त शेवटची, ब्रश जागेवर ठेवण्याची, मुलाची एकट्याची. ती जमली की शेवटच्या दोन. यात प्रत्येक वेळी काम पूर्ण करण्याचा मान मुलाकडे जातो आणि पूर्ण झाल्यावर लगेच त्याच्या आवडीचं काही येतं. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर मूल सुरुवात करतं आणि बाकीचं आपण उरकतो.

मदत पाठीमागून करायची आणि न बोलता. मुलाच्या मागे उभं राहून चित्राकडे बोट दाखवायचं, मनात दहा मोजायचे, तरी काही झालं नाही तर कोपराला हलका स्पर्श. हात धरून करून घेणं मी शक्य तितकं टाळते. मुलाने हात मागे घेतला तर सोडून देते. तोंडी सूचना मात्र सगळ्यांत घातक. ‘आता काय? आता चूळ भर,’ हे वाक्य आपल्याला निरुपद्रवी वाटतं, पण मूल चित्र पाहायचं सोडून आपल्या वाक्याची वाट पाहू लागतं आणि मग ते वाक्य त्या कामाची एक पायरीच होऊन बसतं. तोंडी मदत काढून घेणं हे बोटाची मदत काढून घेण्यापेक्षा फार अवघड जातं. पालकांना मी एवढंच सांगते: बेसिनपाशी गप्प राहा, कौतुक शेवटी करा.

एकाच पायरीवर चार-पाच दिवस गाडी अडली तर चित्र बदलण्याआधी शरीराचा विचार करावा. पेस्टचा फेस आणि पुदिन्याची झणझणीत चव काही मुलांना अक्षरशः जळजळीसारखी लागते. अशा वेळी आधी नुसत्या ओल्या ब्रशने सवय, मग दंतवैद्याला विचारून कमी फेसाची, बिनचवीची पेस्ट, तीही तांदळाच्या दाण्याएवढी. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला एरवीही वाटाण्याएवढ्या पेस्टपेक्षा जास्त लागत नाही. चूळ थुंकणं जमत नसेल तर ते वेगळं कौशल्य म्हणून, दात घासण्याच्या वेळेबाहेर, साध्या पाण्याने शिकवावं.

पट्टी सांगते काय करायचं ते. पण का करायचं, तिथे कोण असेल, कसले आवाज येतील, हे पट्टीत मावत नाही. त्यासाठी सोशल स्टोरी, म्हणजे एखादा प्रसंग मुलाला आधीच समजावून सांगणारी छोटी गोष्ट. कॅरोल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मांडली आणि पुढे तिचे नियम अनेकदा सुधारले. नियमांचं सार असं की ही गोष्ट मुलाला माहिती देण्यासाठी असते. माहिती देणारी किमान दोन वाक्यं असतील तेव्हा कुठे काय करता येईल हे सुचवणारं एक वाक्य. मी याहून कंजूष असते. लहान मुलाच्या दहा-बारा वाक्यांच्या गोष्टीत सुचवणारी दोन वाक्यं पुरेत. ‘मी शांत बसेन, मी रडणार नाही, मी हात खाली ठेवेन’ अशा गोष्टी मला खूप दाखवायला आणल्या जातात. त्या गोष्टी नव्हेत, नियमांच्या पाट्या आहेत, आणि मुलाला त्यातून नवं काहीच कळत नाही.

केस कापणं हा विषय घेतला की गोष्ट लिहिण्याआधी मी सलूनमध्ये जाऊन बसते, किंवा पालकांना पाठवते. खुर्ची वर जाते का, कापड गळ्याशी कसं बांधतात, पाण्याचा फवारा मारतात का, मशीन वापरतात का, सगळं किती वेळ चालतं. आणि मूल नेमकं कशाला घाबरतं तेही शोधते. बोट कापलं की दुखतं हे त्याला पक्कं माहीत असतं. केस कापले तर का दुखत नाही, हे त्याला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. मोठ्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही. मग गोष्ट साधारण अशी होते:

‘माझे केस वाढतात. सगळ्यांचे केस वाढतात. केस लांब झाले की लोक ते कापून घेतात. कात्री केसाला लागते तेव्हा केसाला दुखत नाही. केस कापणारे काका माझ्या गळ्याभोवती कापड बांधतात. कापडामुळे बरेचसे केस अंगावर पडत नाहीत. कात्रीचा कच-कच आवाज येतो. कधीकधी केस मानेवर पडतात आणि टोचतात. टोचलं तर मी रुमालाचं चित्र दाखवू शकतो. मग आई मान पुसते. शेवटी काका कापड काढतात. तेव्हा केस कापून झालेले असतात.’

यातला ‘कधीकधी’ महत्त्वाचा. ‘अजिबात टोचणार नाही’ असं लिहिलं आणि टोचलं, की ती गोष्ट खोटी पडते; पुढच्या गोष्टीही मग मूल बंद करून ठेवतं. काका सुट्टीवर असू शकतात हे माहीत असेल तर तेही लिहावं. ‘तू’ वापरत नाही, कारण ऐकलेलं जसंच्या तसं उच्चारणाऱ्या मुलाच्या तोंडी ते स्वतःबद्दल म्हणून बसतं. मूल स्वतःला नावाने संबोधत असेल तर गोष्टही नावाने लिहिते. मुलगी असेल तर ‘दाखवू शकते’. तयार गोष्ट उतरवून घेताना ही क्रियापदं तशीच राहून जातात आणि शब्दशः वाचणाऱ्या मुलीला ती गोष्ट दुसऱ्याची वाटते.

एका पानावर एक किंवा दोन वाक्यं आणि एकच चित्र. वाचायची वेळ रोजची, निवांत. प्रसंगाच्या आठ-दहा दिवस आधीपासून, दिवसातून एकदा. मूल रडत असताना किंवा त्याने काही केल्यावर ती उघडायची नाही, नाहीतर गोष्ट म्हणजे शिक्षा असं समीकरण जुळतं. ग्रे यांच्या नियमांतला मला सर्वांत आवडणारा नियम असा की मुलासाठी लिहिलेल्या गोष्टींपैकी निम्म्या त्याला आधीच छान जमणाऱ्या गोष्टींविषयी असाव्यात. तो फार थोड्या ठिकाणी पाळला जातो. सगळ्या गोष्टी न जमणाऱ्या कामांवरच असतील तर मूल त्या वहीपासून दूर का पळणार नाही?

गोष्टीने वेदना जात नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. मशीनचा आवाज मुलाच्या कानाला खरोखर असह्य होत असेल तर गोष्ट शंभरदा वाचूनही तो असह्यच राहणार. तिथे कात्री, कानांवर आवाज कमी करणारे हेडफोन, गर्दी नसलेली वेळ हीच उत्तरं. आणि प्रत्येक पट्टीबरोबर, प्रत्येक गोष्टीबरोबर एक ‘थांबा’ कार्ड हवं. मुलाने ते दाखवलं की कात्री खाली, त्याच क्षणी, फक्त चारच केस उरलेले असले तरी. ‘एवढंच राहिलंय’ म्हणून आपण पुढे रेटलं, तर ढकलण्या-चावण्याशिवाय त्याच्याकडे कुठला मार्ग उरतो?

‘आधी–मग’ फलकावर दोनच चित्रं असतात: आधी करायचं काम आणि मग मिळणारं आवडीचं काही. तिथेही दिलेला शब्द पाळायचा. ‘आधी केस, मग झोका’ लावलं असेल तर केस झाल्यावर झोका मिळालाच पाहिजे, मध्ये आणखी एक काम घुसवायचं नाही. पाऊस असेल तर झोक्याचं चित्र लावूच नये. बदल अटळ असतील त्यांच्यासाठी मी एक ‘बदल’ कार्ड ठेवते, पण ते शिकवते आनंदाच्या बदलांनी: अभ्यासाच्या चित्रावर ते लावून खाली फुग्यांचं चित्र. बरेचदा असं झालं की मग एखादा नकोसा बदलही त्या कार्डाने सांगता येतो.

नोंद ठेवायला एक साधा कागद पुरतो. प्रत्येक पायरीपुढे एक खूण: स्वतः, बोट दाखवून, मदतीने. एका वेळी एकच बाब बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आणि पट्टी काढायची कधी? हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. आपण मोठी माणसं यादी, कॅलेंडर, घड्याळ आयुष्यभर वापरतो. पायऱ्या पाठ झाल्या की मी तीन चित्रांचं एक करते, मग चित्राजागी शब्द, मग पट्टी लहान करून आरशाच्या कोपऱ्यात. आजारपण, प्रवास, नवी शाळा आली की शिकलेलं काही काळ मागे जातं. तेव्हा मूळची लांब पट्टी परत लावते. म्हणून जुनी चित्रं मी फेकत नाही, प्रत्येक कामाचं वेगळं पाकीट करून, वर पायऱ्यांचा क्रम लिहून ठेवते.