व्हॉल्व्ह टायटॅनियमचा की स्टीलचा?
आज कामाच्या बाकावर होंडा सीआरएफ २५० आर या मोटोक्रॉस बाइकचं हेड, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग. इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला ०.१२ मिमी गॅप हवी, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत शिरेना. म्हणजे टायटॅनियम व्हॉल्व्हचं कोटिंग उडालंय आणि तो सीटमध्ये, म्हणजे बंद होताना टेकतो त्या कड्यात, रुतत चाललाय. अशा वेळी पातळ शिम (गॅप जुळवायची चकती) टाकणं म्हणजे निव्वळ मलमपट्टी.

टायटॅनियम स्टीलपेक्षा जवळपास ४० टक्के हलकं, म्हणून वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह फ्लोट (स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत बंद न करता येणं) उशिरा. पण व्हॉल्व्ह सीटवर बसवायला ग्राइंडिंग पेस्ट लावून घासायचं नाही, कोटिंगच जातं. सीट मशीनवरच कापायची. धुळीच्या ट्रॅकवर एअर फिल्टर चुकला की खेळ खलास.

क्लब रेसिंगला स्टेनलेसच घ्या, मात्र स्प्रिंगही त्याच किटमधले कडक. जुन्या स्प्रिंगवर जड व्हॉल्व्ह टाकला तर पिस्टनला भेटायला जाणारच.