नुसतं आयोनाइस लावून भागत नाही

सीपीयू निवांत, रॅम शिल्लक, तरी मशीन गुडघे टेकतंय असं दिसलं की मी टॉप (चालू कामं दाखवणारी कमांड) उघडून आधी 'डब्ल्यूए'चा, म्हणजे सीपीयू डिस्कची वाट बघत किती वेळ बसलाय त्याचा, आकडा बघतो, तो चढलेला असला तर रांग डिस्कच्या दारात लागलीय.

उद्यमनगरात एका वर्कशॉपचा सर्व्हर मी सांभाळतो. लिनक्स, बिलिंग आणि साधी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. दुपारी बॅकअप सुरू झाला की अण्णांचा फोन, "अरं टेम्पो दारात हुबा हाय आन् बिल निघंना झालंय, बघ की जरा." अण्णांचं बरोबरच आहे, बिलाला डिस्कवरनं लागतंय जरासंच, पण ते बॅकअपच्या ढिगाखाली अडकतंय. अशा डिस्कच्या एका फेऱ्यालाच ८ मिलिसेकंदांच्या वर जातात, हेड सरकायचा वेळ वेगळाच, म्हणून कुणाचं काम आधी घ्यायचं हे ठरवणारा आयओ शेड्युलर इथं लई महत्त्वाचा.

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, बॅकअपला आयोनाइस (डिस्कसाठी प्रोग्रामचा नंबर पुढं-मागं करणारी कमांड) लाव, क्लास ३. म्हणजे आयडल, दुसऱ्या कुणाचं काम नसेल तेव्हाच याला डिस्क. (१ रिअलटाइम, २ बेस्ट एफर्ट, या दोन्हीत ० ते ७ लेव्हल, ० सगळ्यात वरची.) सल्ला चांगलाय, पण ती नुसती चिठ्ठी आहे, वाचायची का नाही हे शेड्युलरच्या हातात. पूर्वी सीएफक्यू नावाचा शेड्युलर ती वाचायचा, २०१९ ला कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.० मधनं तो काढूनच टाकला, आणि नेटवरचे बरेच लेख अजून त्याच्याच भरवशावर आहेत! म्हणून आधी सिस फोल्डरात आपल्या डिस्कच्या क्यूमधली शेड्युलर नावाची फाइल कॅट करून बघा, चौकोनी कंसात जे नाव ते चालू. 'नन' (शेड्युलरच नाही) असेल तर चिठ्ठी कुणीच वाचत नाही. एमक्यू-डेडलाइन हा शेड्युलर रीडला ५०० मिलिसेकंद आणि राइटला ५ सेकंदांची मुदत धरून चालतो, कर्नल ५.१४ पासनं क्लास बघतो, आतली लेव्हल नाही. बीएफक्यू हा शेड्युलर दोन्ही बघतो, फिरत्या डिस्कला मी डोळे झाकून तोच लावतो.

आता राइटची गोष्ट, जी कुणी सांगतच नाही आणि मला सगळ्यात जास्त खटकते. प्रोग्रामनं फाइल लिहिली की डेटा आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्ये, जातो आणि नंतर कर्नलचा फ्लशर थ्रेड तो डिस्कवर उतरवतो, म्हणजे रिक्वेस्ट जाते फ्लशरच्या नावानं, बॅकअपची चिठ्ठी मागंच राहिली. बॅकअप वाचताना गुणी आणि त्याच डिस्कवर झिप लिहिताना दांडगाई करतोय तो यामुळं. यावर उपाय सीग्रुप व्ही २ (प्रोग्रामांचे गट करून त्यांच्या वापराला हद्द घालणारी कर्नलची सोय), तिथं ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर हे मागनं होणारं राइटसुद्धा ज्याचं त्याच्या खात्यावर पडतं. अण्णांकडं बॅकअप सिस्टिमडी (लिनक्समधल्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) सर्व्हिस म्हणून चालतोय, तिला आयओ-राइट-बँडविड्थ-मॅक्स लावून लिहायचा वेग बांधून टाकला, वर आयडल क्लास आणि डिस्कला बीएफक्यू. शेड्युलर मात्र यूडेव्ह रूलमध्ये (मशीन सुरू होताना डिस्कसारख्या डिव्हाइसला लागू होणारा नियम) लिहून ठेवा, नाहीतर लाईट गेली, मशीन रीस्टार्ट झालं की परत आहे तसंच.