मुलाखतीचा कोट आणि आषाढातला पाऊस

या वेळची पोस्ट हॅम्बुर्गहून नाही, वेंगुर्ल्याहून लिहितेय. सुट्टीवर आलेय. सोमवारी भाच्याची मुंबईत एका शिपिंग कंपनीत मुलाखत. चुलतभावाचा काळा कोट त्याने कपाटातून काढला, तर कॉलरवर पांढरी बुरशी, आणि बुटांवर तर हिरवी. आई म्हणाली, "बंद कपाटात ठेवल्यार बुरशी येतलीच."

"मावशी, इस्त्री मारली की झालं ना?"

नाही झालं. आधी पडवीत नेऊन कोरड्या ब्रशने कोट झटकला, मग दोन दिवस पंख्याखाली टांगला, म्हणजे डांबरगोळ्यांचा वासही गेला. बूट व्हिनेगरच्या पाण्याने पुसले आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. चुलीजवळ ठेवू दिले नाहीत, चामडं तडकतं. तळव्याच्या कडेला बसलेली तांबडी माती जुन्या टूथब्रशनेच निघते. पॉलिश सगळ्यात शेवटी.

मागून आणलेल्या कोटाचे आधी खांदे बघा. शिवण खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. बाही आखूड करणं, कंबरेत घेणं आपला गावचा टेलर सहज करतो, पण खांदा उसवून नीट बसवणं फार कठीण. आमच्या कोटाचे खांदे बसले, बाही अर्धा इंच वर घेतली, शर्टाचा कफ जरासा दिसू लागला.

हॅम्बुर्गातली माझी पहिली मुलाखत फेब्रुवारीत होती. नवा कोट दुकानातून आणला तसा घालून गेले. पाठीमागच्या फटीवर पांढऱ्या दोऱ्याची फुली होती, बाहीवर लेबल. ने-आण करताना फट मुरडू नये म्हणून तो कच्चा टाका घालतात, वापरण्याआधी तो कापायचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रिसेप्शनवरच्या बाई टेबलामागून उठून आल्या, हळू आवाजात "एक मिनिट" म्हणाल्या आणि छोट्या कात्रीने आधी फुली, मग बाहीचं लेबल कापलं. दोरा मुठीत घेऊन परत जागेवर जाऊन बसल्या. ते उपकार मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, नवा कोट घरी आला की पहिल्याच दिवशी टाके आणि लेबल काढा.

दुसरी गोष्ट वासाची. तिथल्या घरांत थंडीमुळे खिडक्या बंद, स्वयंपाकघर बऱ्याचदा बैठकीलाच जोडलेलं. बांगडे तळले की तळणीचा वास लोकरीच्या कोटात मुरतो, आणि लोकर काही रोज धुता येत नाही. मी मुलाखतीचे कपडे झोपायच्या खोलीत, दार लावून ठेवायचे. आपल्या जेवणाची लाज म्हणून नव्हे; समोरच्याचं लक्ष आपल्या बोलण्याकडे राहावं म्हणून.

पंजाबी ड्रेस चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतात. मला विचाराल तर चालेल, मी ऑफिसात घालते. फक्त ओढणी सावरत बसायची वेळ येऊ नये. आरशासमोर नुसतं उभं राहू नका; खुर्चीत बसा, उठा, हस्तांदोलनाला हात पुढे करा. कुठे ओढलं जातं, कुठे वर सरकतं ते तेव्हाच कळतं. जर्मनीत अर्जासोबत फोटो जोडायची जुनी पद्धत आहे. तो बंधनकारक नाही, पण जोडणार असाल तर असेच नीट कपडे घालून काढा.

पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकाने, सावकाश धावते, दरड आली तर आणखी उशीर. म्हणून भाच्याला रविवारऐवजी शनिवारीच कोकणकन्येत बसवला. दादरला मामाकडे उतरेल, कपडे सोमवारी सकाळी तिथेच बदलेल. कुडाळ स्टेशनवर तो उभा होता तो जुन्या टी-शर्टात आणि प्लास्टिकच्या चपलांत. बूट पिशवीत होते, आणि कोट आतली बाजू बाहेर करून, आईच्या मऊ सुती साडीत गुंडाळून त्याने छातीशी धरला होता. मुलाखत उद्या सकाळी अकराला आहे.