आमची वाटचाल : छपाई मागणीनुसार, बांधणी मात्र पक्की

दुर्मीळ झालेली मराठी पुस्तकं नव्यानं अक्षरजुळणी करून छापायची, हे आमच्या छोट्या प्रकाशनाचं काम. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे हक्कांची अडचण नव्हती. अडचण होती खपाची. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटा करून एकगठ्ठा छापायच्या पद्धतीनं, पाचशे-हजार प्रतींच्या खाली परवडत नाही आणि गठ्ठे वर्षानुवर्षं गोदाम अडवून बसतात. म्हणून आम्ही प्रिंट ऑन डिमांडकडे वळलो. ऑनलाइन ऑर्डर आली की तेवढीच प्रत छापली जाते आणि थेट वाचकाच्या घरी पोचते.

पण ती प्रत आमच्या नजरेखालून जातच नाही. नाशिकच्या एका वाचकानं परत पाठवलेलं पुस्तक मी मधोमध उघडलं, तर कण्यातला गोंद कट्कन तडकला आणि पानं सुटून हातात आली. कणा नीट खरवडलेलाच नव्हता, त्यामुळे हॉटमेल्ट (वितळवून लावायचा) गोंद कागदात न मुरता नुसता वर बसला होता. त्यात कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, आडवा. ग्रेन कण्याला समांतर नसेल तर पानं ताठ राहतात, पावसाळ्यात कण्यापाशी लाटा धरतात आणि प्रत्येक वेळी उघडताना बांधणीला हिसका बसतो. विक्रेत्याकडे तक्रार केली की तो दुसरी प्रत पाठवतो, पण तीही त्याच मशीनवरची!

त्यातच अशा पुस्तकांचे नुसते स्कॅन छापून विकणारेही आहेत. वाकडी पानं, कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, घडीचा नकाशा अर्धाच. शे-सव्वाशे वर्षं जुन्या ग्रंथाची अशी दशा बघवत नाही.

आता भारतातल्या वाचकांसाठी आम्ही पुण्यातच डिजिटल मशीनवर थोड्या थोड्या प्रती काढतो. जाड पुस्तकाचे सोळा पानी फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) दोऱ्यानं शिवून घेतो. बारीक पुस्तकाला पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंद. तो हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो, म्हणून प्रती लगेच रवाना करत नाही. किंमत वाढवावी लागली, पण ती रास्त आहे.

परदेशी टपालखर्च पुस्तकाहून जास्त होतो, त्यामुळे तिकडच्या ऑर्डरी अजून तिकडेच छापल्या जातात. तुमची प्रत खराब निघाली तर कण्याचा आणि शेवटच्या पानाचा फोटो आम्हाला पाठवा. छपाईचं ठिकाण बऱ्याचदा त्या पानाच्या तळाशी असतं, त्यावरून कुठल्या छापखान्याशी बोलायचं ते आम्हाला कळतं. बदली प्रत मात्र इथून, शिवलेली, आमच्या खर्चानं येईल.