बोटांचे ठसे

कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात मी संध्याकाळी ईएमटीचा वर्ग घेते. ईएमटी म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटपाशी बसतो तो. 170 तासांचा कोर्स, मग राष्ट्रीय परीक्षा आणि शेवटी गुन्ह्यांची नोंद तपासायला बोटांचे ठसे. मिरजेत मी सात वर्षं नर्स होते, तिथे माझे ठसे कुणी मागितले नव्हते. त्यामुळे की काय, ही शेवटची पायरी मी वर्गात दोन वाक्यांत उरकायचे.

2019 च्या बॅचला तिशीतला एक जण होता. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, बांधायला इतका झटपट हात मी पाहिला नाही. जखमेच्या वर पट्टा, दांडी पिळली, अडकवली, वर वेळ लिहिली. बाकीचे अजून पट्टाच सोडवतायत. कुठे शिकलास, तर म्हणाला, "वणव्यात." मला वाटलं, वनखात्यात असेल.

परीक्षा पास झाला. तीन आठवड्यांनी माझ्या दारात उभा, हातात काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नकाराचं पत्र. घरफोडीची शिक्षा, 2017 ला सुटका. इथे फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा असला की सुटकेपासून दहा वर्षं प्रमाणपत्र नाही. दोन असले तर कधीच नाही. वणवे त्याने कैदी म्हणूनच विझवले होते; दिवसाला मोजके डॉलर, आगीवर असताना तासाला एक डॉलर जास्त.

"तुम्हाला माहीत होतं?" एवढंच विचारलं त्यानं.

माहीत होतं.

नियम उगाच केलाय असं मी म्हणणार नाही. माझ्या आईला ॲम्ब्युलन्समधून नेलं, तेव्हा दवाखान्यात पोचल्यावर मी आधी तिच्या बांगड्या मोजल्या होत्या. पण वणवा अडवायला लोकांच्या परसात करवत देऊन ह्याला उभं केलं, तेव्हा कुणाला घरफोडी आठवली नाही.

सप्टेंबर 2020 मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी कायद्यावर सही केली. आगीवर काम केलेल्या बऱ्याच कैद्यांना आता गुन्ह्याची नोंद रद्द करून घ्यायला कोर्टात अर्ज करता येतो. मी लगेच फोन लावला. तो कुणाच्या तरी छपरावर होता, मागे खिळे ठोकल्याचा आवाज.

"वकील किती घेईल?" म्हणाला.

आता पहिल्या दिवशी पुस्तक उघडायच्या आधी मी ठशांचं सांगते. गेल्या बॅचला दोघं उठून गेले. फी परत मिळायची मुदत अजून होती.