तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातली रायफल

मंडळाच्या दिवाळीत विचारलंत, पोरांच्या वाढदिवसाला विचारलंत. गडहिंग्लजहून काकांनीसुद्धा फोनवर विचारलं, आणि त्यांना तर ती घ्यायचीही नाही. चारशे-पाचशे डॉलरात हरणासाठी बरी बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची) रायफल कुठली? उत्तर दिलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: मग तू अजून ती प्लास्टिकच्या दस्त्याचीच का वापरतेस? म्हणून एकदाच लिहून टाकते.

शिकार का करतेस, हे इथे नाही. ते भांडण आईशी झालंय, तिच्याशीच पुरे. एच-वन व्हिसावर असताना शिकारीच्या लायसन्सवर बंदूक घेता येते का, हेही नाही. ते नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

तर कुठली? खरं सांगायचं तर, कुठलीही. हे ऐकून तुमचा विरस होतो ते मला दिसतं. रुगर अमेरिकन, सॅव्हेज अ‍ॅक्सिस, मॉसबर्ग पॅट्रियट, तिन्हींतली कुठलीही हातात आली तरी शंभर यार्डांवर एक-दीड इंचात गोळ्या बसतात. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची. अर्ध्या इंचात बसवणारी रायफल घेऊन तुम्ही त्या आठ इंचांचं काय करणार आहात? आमच्याकडची, इथली विस्कॉन्सिनमधली, हरणं बहुतेक शंभर यार्डांच्या आतच दिसतात, त्यापुढे झाडंच झाडं.

स्वस्त म्हणजे नळी वाईट, हा समज जात नाही. सॅव्हेजने 1958 साली 110 नावाची रायफल काढली तेव्हाच नळी एका नटने घट्ट करायची पद्धत आणली. त्यामुळे बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर जुळवायला घासत बसणारा कसबी कारागीर लागत नाही, मापाचा गेज घातला, नट आवळला, झालं. अ‍ॅक्सिस आणि रुगर अमेरिकनमध्येही तीच युक्ती. पैसे वाचतात ते तिथे, आणि लाकडात, पॉलिशमध्ये, मॅगझिनमध्ये. दस्ता हलका आणि लवचिक असतो, पुढून जोरात दाबला की नळीला टेकतो आणि नेम सरकतो. मग दाबू नका. मऊ पिशवीवर टेकवा. टिक्का या महागड्या रायफलीचा बोल्ट एकदा मागेपुढे करून बघितला की मन हलतं, हे मान्य. पण तिथे आठशेच्या पुढे मोजावे लागतात.

काउंटरवरच्या माणसाने मला न विचारताच .243 कॅलिबरची, म्हणजे बारीक गोळीची, रायफल काढून दाखवली होती, बायकांना बरी म्हणून. .243 बरीच आहे, सगळ्यांनाच बरी आहे, धक्का कमी. मी .308 घेतली कारण तिची काडतुसं गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. 2020-21 मध्ये काडतुसांचा दुष्काळ पडला तेव्हा त्याचाही फार उपयोग झाला नाही, पण आपल्याला कारण लागतं. (विस्कॉन्सिनने 2016 मध्ये शिकाऱ्यांच्या भडक भगव्या जाकिटाबरोबर भडक गुलाबी जाकीटही चालेल असं ठरवलं. तेही बायकांसाठीच. मी भगवंच घालते.)

आता माझ्या रायफलचं. कंपनी सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही नावावरच भांडता.

तेव्हा आमच्याकडे एकच पगार येत होता, माझा, लॅबमधला. नवऱ्याची मिल बंद पडलेली. एका मादीचं हाडं काढून चाळीसएक पौंड मटण होतं. मी घरीच तोडते, तेव्हा लायसन्सचे आणि काडतुसांचे पैसे सोडले तर खर्च नाही. चरबी नसते म्हणून रस्सा पातळ वाटतो, खोबरं वाढवावं लागतं, पण हिवाळा निघतो. हौस होतीच, नाही म्हणत नाही. पण त्या वर्षी हिशोब आधी होता. म्हणून पॅकेज घेतलं: रायफल, तिच्यावर दुकानातूनच बसवून आलेला स्कोप (नेम धरायची दुर्बीण), सगळं चारशेच्या आसपास. रेंजवर झिरो केली, म्हणजे गोळी नेमाच्या दोन इंच वर बसेल असा स्कोप जुळवला. गोळ्या छान बसल्या. मी सगळ्यांना सांगत सुटले की पॅकेजच घ्या, उगाच हुशारी करू नका.

थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार, सीझनचा शेवटचा दिवस. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या जंगलपट्टीत मी दुपारपासून एका सीडरच्या झाडाला पाठ लावून बसले होते. आधी पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं, स्कोपवरचं झाकण मी सतत लावून ठेवलं होतं. तीनच्या सुमारास आभाळ मोकळं झालं आणि पारा झपकन उतरला. आमच्याकडे तेव्हा सव्वाचारला सूर्य मावळतो, त्यानंतर वीस मिनिटं गोळी झाडता येते. ती आली ती त्या वीस मिनिटांत. पूर्ण वाढलेली मादी, एकटी, सत्तरेक यार्डांवर, आडवी उभी. वारा माझ्याकडे. आठवडाभर याचीच वाट बघत होते.

झाकण उघडलं, डोळा लावला आणि समोर दूध. मला वाटलं माझाच श्वास लागला असेल. लोकरीच्या टोपीने काच पुसली, दोन्ही बाजूंनी पुसली. दूध तसंच. मग कळलं की ते बाहेर नाहीच, आत आहे. स्कोपमध्ये नायट्रोजन भरून तो बंद करतात तो याचसाठी, की आत ओल राहू नये. हा कुठूनतरी गळत होता. नुसत्या डोळ्यांनी मला तिचे कान दिसत होते, शेपटी दिसत होती. स्कोपमधून करड्यात एक गडद करडा डाग, आणि त्याला ना पुढचा पाय ना मागचा. स्कोप काढून मारावं तर नळीवर माशी, म्हणजे नेम धरायचा दाणा, नाही. या किमतीच्या बहुतेक रायफलींवर नसतेच.

मी चाप ओढला नाही. ती पाच-सात मिनिटं तिथेच खात उभी होती. मग निवांत गेली. बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढताना हात इतके थरथरत होते की ते बर्फात पडलं आणि मी ते शोधत गुडघ्यांवर बसले, आणि तिथेच रडले. हरणासाठी नाही. फ्रीझरसाठी.

शेजारच्या आजोबांना सांगितलं तर म्हणाले, डाग दिसत होता ना, डागाच्या मध्ये मारायची. नवराही एकदा तसंच काहीतरी म्हणाला, नंतर कधी नाही. पोटात गोळी लागलेलं जनावर रात्रभर कसं चालतं ते मी दुसऱ्याच्या शिकारीत पाहिलंय, रक्ताच्या मागावर टॉर्च धरून. तरी खरं सांगते, त्या जानेवारीत दुकानातलं मटण घेताना माझ्या मनात आलंच होतं की मारायला हवी होती.

कंपनीने स्कोप फुकट बदलून दिला. सीझन संपल्यावर.

तेव्हापासून माझं म्हणणं बदललं, आणि तुम्हाला ते पटत नाही म्हणून हा लेख. पॅकेजमधला स्कोप आहेरात आलेल्या भांड्यासारखा असतो, कुणी निवडून घेतलेला नसतो. नुसती रायफल घ्या, वर दीडशे ते तीनशे डॉलर काचेवर, म्हणजे वेगळ्या स्कोपवर, घाला. कंपनी ल्युपोल्ड, बरिस किंवा आपल्याच विस्कॉन्सिनच्या बार्नेव्हेल्डची व्होर्टेक्स, साधा तीन-ते-नऊ-चाळीस, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच चाळीस मिलिमीटरची. अंधार पडताना नऊवर ठेवू नका. चाळीसला नऊने भागलं की डोळ्यापर्यंत साडेचार मिलिमीटरही प्रकाशाचा गोल येत नाही, चारवर ठेवलात तर दहाचा येतो, तुमच्या बाहुलीला पुरून उरेल इतका. पैसे त्याहून कमी असतील तर डिसेंबरात जुनी बघा. सीझन संपला की लोक विकतात. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहा, तोंडाशी गंज किंवा टवका असेल तर सोडून द्या.

यावर आजोबांकडे उत्तर आहे. त्यांच्या सुनेकडे माझ्यासारखंच पॅकेज आहे, तोच स्कोप. ती दरवर्षी हरीण आणते, धुकंबिकं काही नाही. म्हणजे माझाच एक खराब निघाला, आणि त्यावर मी सगळ्यांना दोनशे डॉलरचा खर्च सांगत फिरते? असू शकतं. बदलून आलेला स्कोप कपाटात आहे, मी तो कधी लावून बघितला नाही. बघणारही नाही.

आणि रायफल तीच का, तर तिने काही बिघडवलं नव्हतं. तिच्यावर दुसरी काच बसवली, तेवढंच. पैसे आता आहेत. टिक्का दुकानात गेल्यावर अजून हातात घेते.

परवा लॅबमधल्या एका नव्या मुलीने विचारलं. तिच्याकडे चारशेच होते, वर एक डॉलर नाही, आणि जुनी घ्यायची तिला भीती वाटत होती. मी तिला म्हटलं, पॅकेज घे. झाकण लावून ठेवू नकोस, दर तासाला एकदा डोळा लावून बघ. एवढं सगळं लिहूनही तिला हेच सांगितलं असतं.