कपड्याच्या तारेवर शिंजीर

मार्च लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "पक्ष्यांसाठी पाणी ठेवा"चे फॉरवर्ड सुरू होतात, २० मार्चच्या चिमणी दिनाला तर विचारूच नका, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या जागी पण चिमणीच. ठेवा ना, चांगलंच आहे. पण कशात ठेवायचं, कुठे ठेवायचं आणि मुख्य म्हणजे ते भांडं रोज घासायचं कुणी, हे कुठल्याच फॉरवर्डात नसतं.

सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते सोलापूरकरांना सांगायची गरज नाही, मे महिन्यात पारा ४३-४४ ला जाऊन बसतो. पक्ष्यांना घाम येत नाही, त्यामुळे दुपारी कंपाउंडवरचा कावळा बघा, चोच उघडी टाकून, पंख अंगापासून जरा लांब धरून धापा टाकत असतो, गळा नुसता लटलट हलत असतो. आणि त्या धापांमध्ये अंगातलं पाणी अजून जातं. म्हणून माझं म्हणणं असं की आपल्या गावात दाण्यांचं नंतर बघा, आधी पाणी आणि सावली. स्टीलची वाटी उन्हात चटके बसण्याइतकी तापते आणि पाय घसरतात ते वेगळंच, मातीचं पसरट परळ सगळ्यात बेस्ट, पाणी दोन बोटं खोल, मध्ये एखादी खापरी किंवा दगड टाकायचा म्हणजे छोट्या पक्ष्याला उभं राहता येतं. आमचं परळ पारिजातकाखाली आहे पण झुडपाला एकदम खेटून नाही, कारण झुडपात मांजर दबा धरून बसतं.

आता पाण्याचं. जुळे सोलापुरात राहते मी, नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यात पक्ष्यांसाठी रोज ताजं पाणी म्हटल्यावर सासूबाईंचं सुरुवातीला "माणसांना नाही आणि चिमण्यांना" असं चालायचं. पण कालचं परळातलं पाणी फेकायचं नसतंच, कढीपत्त्याच्या बुडात ओतायचं, काथ्यानं परळ खसाखसा घासायचं, नवीन भरायचं, तांब्याभर पाण्याचं काम. साचलेलं पाणी आठवडाभर तसंच ठेवलं की त्यात डास तयार होतात, मग डेंग्यूची तपासणी करणारे आले की तुमचं पक्षीप्रेम अंगलट.

सकाळी आधी बुलबुल येतात, मग सातभाई. सातभाई कधी एकटे येत नाहीत, सगळी गँग उतरते, आंघोळ करतात, भांडतात आणि परळ अर्धं रिकामं करून जातात. पण वॉचमन म्हणून एक नंबर, ते एकदम कलकल करायला लागले की समजायचं मांजर आलंय, नाहीतर मुंगूस. चीरक, म्हणजे तो शेपटी वर करून फिरणारा छोटा काळा पक्षी, पाण्याला कमी येतो, त्याचं सगळं लक्ष नवऱ्याच्या स्कूटरच्या आरशात, आतला दुसरा नर आपल्या एरियात आलाय असं समजून तासन्‌तास टोचा मारतो. आरशांना जुने मोजे घातलेत, ते काढायचं विसरून नवरा तसाच सात रस्त्यापर्यंत जाऊन आला.

पण आमच्याकडची खरी पाहुणी म्हणजे शिंजीर, बाकदार चोचीचा, फुलातला मध पिणारा इवलासा पक्षी. यंदा तिनं पोर्चमधल्या कपड्याच्या तारेवर घरटं बांधलं, अगदी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. पहिल्या दिवशी सासूबाईंनी कचरा अडकलाय म्हणून झाडू उचललाच होता. दिसतंच तसं ते, कोळिष्टकं, वाळकी पानं, सालपटं, अळीची विष्ठा, आमच्याच चादरीचे दोन लाल दोरे, सगळं चिकटवून केलेली लोंबती पिशवी. नीट बघितलं तर बाजूला छोटंसं दार आणि दारावर चक्क छज्जा. बांधते एकटी मादी, अंड्यांवर बसते पण तीच, फक्त चोच आणि डोळे दाराबाहेर. नर त्या काळात काळ्या-जांभळ्या चमकत्या ड्रेसमध्ये शेवग्याच्या शेंड्यावर बसून गात असतो, हां पण पिल्लं निघाल्यावर चारायला येतो, अगदीच ऐतोबा नाही. विणीचा सीझन संपला की हाच नर पोटाकडून पिवळट होतो, गळ्यापासून खाली एक काळी रेघ तेवढी राहते, आणि लोक नवीन पक्षी दिसला म्हणून फोटो टाकतात.

पिल्लं उडेपर्यंत तार बंद. कपडे गच्चीवर. मी म्हटलं आता सासूबाई चिडणार, तर त्या शेजारणीलाच दम देत होत्या, "हळू बोल गं, बाळंतीण आहे ती."

तेव्हापासून बागेत औषध फवारणं पण बंद झालं आणि हा माझा मोठा विजय आहे. कारण शिंजीर फुलातला मध पीत असला तरी पिल्लांना किडे, कोळीच लागतात, चिमणीचं पण तेच, आपण ताटभर तांदूळ टाकला तरी तिच्या पिल्लाला अळीच हवी. लिंबावरच्या अळ्या राहू द्या, कोपऱ्यात पालापाचोळा राहू द्या. दाण्यांनी आमच्याकडे फक्त पारवे वाढले, म्हणून आता दाणे मोजकेच, मूठभर बाजरी. शिळी पोळी, फरसाण, शेव बिलकुल नाही, एवढं मीठ त्यांना झेपत नाही.

अजून एक, जून-जुलैत पिल्लू खाली पडलंय म्हणून फोन येतात. अंगावर पिसं आली असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल तर ते हरवलेलं नाही, उडायला शिकतंय, आईबाप जवळपासच असतात, तुम्ही मांजर आणि कुत्रं तेवढं लांब ठेवा. पिसंच नसतील तर उचलून घरट्यात ठेवा, माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खोटं आहे. आणि कृपा करून ड्रॉपरनं तोंडात पाणी सोडू नका, श्वासाचं भोक जिभेच्या मागंच असतं, पाणी सरळ श्वासनलिकेत जातं.

परवा शेजारचे काका भिंतीवरून डोकावले, "वैनी, काय करलालाव?" परळ घासलालेय म्हटलं. त्यांना चिमण्यांसाठी लाकडी पेटी लावायचीय. लावा, पण भोक सव्वा इंचाचं ठेवा, जास्त मोठं केलं की साळुंकी घुसते, भोकाखाली बसायची दांडी नको, चिमणीला ती लागत नाही आणि शिकारी पक्ष्याची सोय होते. आणि दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीला. काकांची मोकळी भिंत पश्चिमेची आहे, त्यामुळे पेटी बहुतेक आमच्याच पोर्चमध्ये येणार.